काडतुसांना मार्क देऊ नका

लातुरात राहायचं म्हणजे मार्कांच्या गावात राहायचं. त्यामुळे नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत स्वतः बनवलेला शिकारीचा व्हिडिओ गेम लॅपटॉपवर उघडला आणि त्यात प्रत्येक काडतुसापुढे शंभरपैकी मार्क दिसले, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. बारा बोअरला ९०, थर्टी-ओ-सिक्सला ८०, पॉइंट टू-टूला २५. रानडुकराचा जीव १०० मार्कांचा. म्हणजे टू-टूच्या चार गोळ्या लागल्या की डुक्कर आडवं, मग त्या खुराला लागोत नाहीतर शेपटीला.

"मामा, सगळे एकच बंदूक घेतात. बाकीच्यांना कोणी हात लावत नाही. आकडे बदलून बदलून दमलो," तो म्हणाला.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. सासुरवाडीला औशाकडे परवान्याची एक बारा बोअर आणि एक रायफल होती, त्यामुळे काडतुसं हाताळलेली. पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी तो गेम उलगडून पुन्हा शिवला. आपल्या घरात कोणी असा खटाटोप करत असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. बंदूक कधी हातात धरलेली नसली तरी चालेल, दहावीचं विज्ञान पुरे. फक्त एक समज आधी बाजूला ठेवावा लागेल. समतोल साधायचा म्हणजे आकडे खोटे करायचे, असं नाही. प्रत्येक काडतुसाला स्वतःची खरीखुरी अडचण असते. ती पडद्यावर दिसू लागली की निम्म्याहून जास्त काम होतं.

पहिलं काम काडतुसाचं नाहीच. आधी जागा ठरवा. भाच्याने फुकट मिळालेलं तयार जंगल उतरवून घेतलं होतं. त्याचं नाव त्याने 'किनवट' ठेवलं आणि त्यात देवदार आणि बर्फ! आपल्याकडे तीन जागा पुरेत. एक, किनवट-माहूरकडचं सागाचं जंगल. पावसाळा सरता सरता तिथे तीस-चाळीस मीटरपलीकडे काही दिसत नाही. दुसरी जागा मांजरा पट्ट्यातला ऊस, जिथे पाच मीटरवरचं डुक्कर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिसरी, सोयाबीन निघाल्यावरचं निलंग्याकडचं मोकळं काळं रान. तिथे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप अर्ध्या किलोमीटरवरून नजरेत येतो.

या तीन जागा ठेवल्याबरोबर 'सगळ्यांत भारी बंदूक' ही भानगडच मिटते. उसाच्या बांधावर बारा बोअरसारखं काही नाही. तीच घेऊन मोकळ्या रानात गेलात तर रोही आपल्याकडे बघत चरत राहील.

मग जनावर. रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर जातो. मोठं रानडुक्कर सत्तर ते शंभर किलोचं. काळवीट पस्तीस-चाळीस किलोचं. इथे कायदा समजून घ्यावा लागतो, नाहीतर गेमला मराठवाड्याचं नाव देण्यात अर्थ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांत. म्हणून आमच्या गेममधला गडी हौशी शिकारी नाही. पीक वाचवण्यासाठी परवानगी मिळालेला परवानाधारक आहे. काळविटावर बार टाकला की गेम तिथेच संपतो. ही शिक्षा म्हणून घातलेली नाही, तो कायदाच आहे.

आता काडतूस. मघाशी सांगायचं राहिलं, भाच्याच्या गेममध्ये जनावराकडे अख्खं काडतूस उडत जात होतं, पितळी खोळीसकट. हसू नका, ही चूक मोठमोठ्या जाहिरातींतही असते. काडतूस आणि गोळी एक नव्हे. काडतुसात चार वस्तू असतात. बाहेरची पितळी खोळ, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते, वायूचा दाब तयार होतो आणि गोळी तेवढी नळीतून बाहेर पडते. खोळ मागेच राहते.

रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारखे आटे असतात. त्यांनी गोळीला गरगर फिरत सोडलं की ती भोवऱ्यासारखी तोल धरते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्या काडतुसात एका गोळीऐवजी बहुधा छर्रे भरलेले असतात.

आपल्या गेममध्ये कुठली काडतुसं ठेवावीत? नवशिके इथे परदेशी गेममधली पन्नास नावं उचलून आणतात. मराठवाड्यातल्या परवान्यावर ती शोधूनही सापडायची नाहीत. आम्ही चार ठेवली, पाचवं हौसेखातर.

पहिलं पॉइंट टू-टू. इंचाच्या बावीस शतांश जाडीची चिमुकली गोळी. दुसरं बारा बोअर. या नावाचा उगम गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी ही नळी रुंद. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडच्या कित्येक जुन्या परवानाधारकांनी वापरलेली असतील.

तिसरं .३१५, म्हणजे आठ मिलिमीटर. हे खास आपल्या देशाचं पात्र आहे. .३०३ हे लष्कराचं माप, म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद. मग नागरिकांसाठी वेगळ्या मापाची रायफल हवी, ती ही. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या सैन्याचं, एकोणिसाव्या शतकातलं. रायफल बनते बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात. सासुरवाडीची रायफल हीच. चौथं थर्टी-ओ-सिक्स. यातला 'ओ-सिक्स' म्हणजे १९०६ साल, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं ते वर्ष. पाचवं हौसेचं, .३७५. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलेलं, हत्ती-गव्याच्या तोडीचं. ते का ठेवलं ते पुढे येईल.

आता आकडे. सुरुवातीला प्रत्येक काडतुसाचे दोनच आकडे हवेत, गोळीचं वजन आणि नळीतून सुटतानाचा वेग. बाकीचं संगणकाकडून काढून घ्यायचं. निम्मं वजन गुणिले वेगाचा वर्ग, ही शाळेतली गतिज ऊर्जा. ती ज्यूलमध्ये मोजतात.

ज्यूल म्हणजे किती, हे हाताला कळायला गोफण बरी. ज्वारीवरची पाखरं हाकलताना सुटलेला साठ ग्रॅमचा गोटा सेकंदाला तीस मीटर वेगाने गेला तर सत्तावीस ज्यूल होतात. माळेगावच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीतला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सहा-सात ज्यूलचा. टू-टूची गोळी २.६ ग्रॅमची, वेग ३३० मीटर, ऊर्जा साधारण १४०. थर्टी-ओ-सिक्सची ११.७ ग्रॅमची, ८२० मीटरने, म्हणजे जवळपास ३,९००. .३७५ ची १९.४ ग्रॅमची, ७७० मीटरने, ५,७०० च्या पुढे.

आता बघा, भाच्याने टू-टूला २५ आणि थर्टी-ओ-सिक्सला ८० मार्क दिले होते. तिपटीचा फरक. खरा फरक सत्तावीस-अठ्ठावीस पटींचा आहे. अशी तफावत असली की लोक लगेच 'टू-टू कोण घेईल मग?' म्हणून तिचे मार्क वाढवतात. वाढवू नका. टू-टू डुकरासाठी नाहीच. तिने डुक्कर मारायचा प्रयत्न करणाऱ्याला जखमी, पळून गेलेलं जनावर आणि रद्द झालेला परवाना मिळू द्या. आमच्या गेममध्ये ती सरावाच्या मैदानापुरती आहे आणि तिथे ती सगळ्यांची लाडकी आहे.

.३१५ चं मात्र गणित वेगळं. तिची गोळी जड, १५.८ ग्रॅमची. वेग सहाशे ते साडेसहाशे मीटरच्या आसपास. ऊर्जा थर्टी-ओ-सिक्सपेक्षा कमी भरते, म्हणून मार्कवाल्या पद्धतीत ती कायम मागे राहते. पण जाडीच्या मानाने वजन जास्त असलेली गोळी आत खोल जाते. सुईने पोतं टोचणं आणि दाभणाने टोचणं, तसला प्रकार. जवळच्या अंतरावर मोठ्या डुकरासाठी ही जुनी रायफल कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून ऊर्जेच्या शेजारी 'किती आत जाते' हा आकडा वेगळा ठेवा. वजनाला जाडीच्या वर्गाने भागलं की कामापुरता अंदाज मिळतो. या एका आकड्याने आमची .३१५ जिवंत झाली.

आता गोळीचा प्रवास, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. सोपे गेम गोळी उडवतच नाहीत. बटण दाबलं की नळीपासून एक अदृश्य सरळ रेष टाकतात आणि ती कशाला टेकली ते बघतात. याला रेकास्ट म्हणतात. पंधरा मीटरवर चालून जाईल. दोनशे मीटरवर गोळीला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती खाली पडते.

किती पडते? थर्टी-ओ-सिक्सची गोळी दोनशे मीटर जाईपर्यंत नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे तेहेतीस सेंटिमीटर खाली येते. मग नेम लागतो कसा? कारण दुर्बीण किंवा नळीवरची नेमाची माशी मुद्दाम थोडी अशी बसवतात की ठरावीक अंतरावर नजरेची रेष आणि गोळीची वाट एकमेकींना भेटतात. याला झीरो करणं म्हणतात. शंभर मीटरला झीरो केलेली रायफल दोनशे मीटरवर वितीपेक्षा कमी खाली मारते. पन्नास मीटरला झीरो केलेली टू-टू शंभरावरच वीतभर खाली जाते.

झीरो न केलेली बंदूक म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी जत्रेत अनुभवलेलं आहे. फुग्यावर नेम धरा, छर्रा शेजारच्या पाटीत. दुकानदार गालात हसतो. चार छर्रे वाया घालवल्यावर आपण फुग्याच्या डावीकडे वर नेम धरायला शिकतो आणि पाचवा फुटतो. हाच अनुभव गेममध्ये सुरुवातीला द्या. नवी रायफल हातात आली की आधी मैदानावर झीरो करायला लावा. खेळणाऱ्याला कंटाळा येईल ही भीती भाच्यालाही होती. प्रत्यक्षात त्याचे मित्र मैदानावरच तासभर रमले.

गोळी खरोखर उडवायला घेतली की एक भूत मागे लागतं. गोळी डुकराच्या आरपार जाते आणि डुकराला काही होत नाही. भाच्याने दोन दिवस यात घालवले. कारण साधं आहे. संगणक चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतो. ८२० मीटर वेगाची गोळी एका बदलात जवळपास चौदा मीटर पुढे जाते. डुक्कर दीड मीटर लांब. एका चित्रात गोळी डुकराच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे, मध्ये ती डुकरात कधी नव्हतीच! उपाय असा की दर वेळी गोळीची आधीची जागा आणि आताची जागा जोडणारी छोटी रेष टाकायची आणि त्या रेषेवर काही सापडतं का ते बघायचं. म्हणजे रेकास्टच, पण तुकड्या-तुकड्याने.

हवेचा विरोधही हवाच. विरोधाने गोळीचा वेग कमी होत जातो, ऊर्जा त्याहून झपाट्याने उतरते. टोकदार थर्टी-ओ-सिक्स तीनशे मीटरवर साडेसहाशे मीटर वेगाच्या आसपास येते, म्हणजे ऊर्जा ३,९०० वरून अडीच हजारांपर्यंत. पुष्कळ गेममध्ये 'शंभर मीटरनंतर डॅमेज निम्मं' असला कारभार असतो. बारा बोअरच्या छर्ऱ्यांना ते कदाचित शोभेल, रायफलला नाही.

तयार तक्ते वापरणार असाल तर ते बहुतेक समुद्रसपाटीच्या, पंधरा अंशांच्या हवेचे असतात. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला. इथली हवा त्या तक्त्यांतल्या हवेपेक्षा साधारण पंधरा टक्के विरळ निघते. तेवढा विरोध कमी. दोनशे मीटरपर्यंत खेळणाऱ्याला फरक जाणवणारही नाही, तेव्हा त्यासाठी रात्र जागवू नका. एक गुणक ठेवा आणि पुढे चला.

बारा बोअरचं वेगळं. एकेक छर्रा स्वतंत्र मोजा. पस्तीस-चाळीस मीटरवर बारीक छर्ऱ्यांचा घेर मीटरभर पसरतो, मग डुकराला लागणारे मोजकेच उरतात. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा दिला की बंदूक एक तर तोफ होते नाहीतर खेळणं.

पळणाऱ्या जनावरावर नेम हा काडतुसांतला खरा फरक दाखवतो. ताशी चाळीस किलोमीटरने पळणारं डुक्कर सेकंदाला अकरा मीटर जातं. शंभर मीटरवर थर्टी-ओ-सिक्सला पोचायला सेकंदाचा आठवा भाग लागतो, तेवढ्यात डुक्कर जवळपास दीड मीटर पुढे. टू-टूला तीन दशांश सेकंदाहून जास्त, म्हणजे डुक्कर साडेतीन मीटर पुढे, अख्ख्या दोन डुकरांच्या लांबीहून जास्त. यासाठी कुठलाही मार्क लागत नाही. वेगाचा आकडा खरा ठेवला की झालं.

आवाजाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. भाच्याच्या गेममध्ये बार उडाला त्याच क्षणी नकाशावरचं प्रत्येक जनावर पळत सुटायचं. मे महिन्यात बेचाळीस अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३५७ मीटर जातो. दोनशे मीटरवरच्या रोह्याला गोळी पाव सेकंदात लागते, बार ऐकू यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. म्हणजे त्याला आवाजाच्या आधी गोळी कळते. कळपातलं चारशे मीटरवरचं रोही आणखी उशिरा दचकतं. जनावरं अशी लाटेसारखी उठून पळताना पडद्यावर दिसली आणि मला वाटलं, आता हे रान खरं झालं.

आणखी एक बारकावा सांगतो, हौस असेल तर घाला. आवाजापेक्षा वेगवान गोळी स्वतःचा चाबकासारखा कडाका काढते. जरा जास्त वेगाची, ३५० मीटरची टू-टू डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना आवाजाच्या पुढे असते, कारण तेव्हा आवाज ३३९ मीटरवर उतरलेला असतो. तीच गोळी मेच्या दुपारी आवाजाच्या मागे पडते आणि कडाका नाहीसा होतो. गोळी तीच, बंदूक तीच. थंडीत बोलते, उन्हात गप्प बसते.

आता गोळी लागली. इथे ते शंभर मार्कांचं आयुष्य पुसून टाका. जनावराच्या शरीराचे मोजकेच भाग करा. हृदय आणि फुप्फुसं, म्हणजे पुढच्या पायामागचा सुपाएवढा भाग. मेंदू आणि मणका, अगदी लहान. पोट. आणि बाकीचं मांस, पाय. गोळी किती आत गेली हे आपण आधीच काढलेलं आहे. तिच्या वाटेत कुठला भाग आला, एवढंच बघायचं.

हृदय-फुप्फुसांत गोळी बसलेलं जनावर बहुधा जागेवर कोसळत नाही. पन्नास-शंभर मीटर पळतं आणि मग पडतं. सिनेमातलं बघून वाढलेल्या मुलांना हा गेमचा दोष वाटतो. भाच्याच्या मित्रांनी तशी तक्रारही केली. त्याने आकडे बदलले नाहीत, फक्त जमिनीवर रक्ताचे थेंब दाखवले आणि माग काढायला लावला. फुप्फुसातलं रक्त फेसाळ, फिकट लाल, पोटातलं गडद. आता माग काढणं हाच गेममधला सगळ्यांत आवडता भाग झाला आहे.

मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. बारीक छर्रे तिथे फुकट जातात, हलकी गोळी उथळ राहते. .३१५ ची किंमत इथे कळते.

गोळीचं नाक कसं आहे तेही बघा. पूर्ण तांब्याच्या कवचातली टोकदार गोळी आरपार जाते आणि बरीच ऊर्जा सोबत घेऊन जाते. शिशाचं नाक उघडं ठेवलेली मऊ गोळी आत गेल्यावर छत्रीसारखी फुलते आणि ऊर्जा तिथेच सोडते. युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेगच्या कराराने बंदी आली. त्यांना डमडम म्हणायची पद्धत कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून पडली. जनावराच्या बाबतीत उलट आहे. तिथे मऊ नाकाची गोळीच लवकर सुटका करते. एकाच काडतुसाच्या या दोन जाती ठेवल्या की खेळणाऱ्याला विचार करावा लागतो.

परदेशात हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो. स्वीडनमध्ये बनलेल्या 'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' या २०१७ च्या गेममध्ये जनावरांच्या एक ते नऊ इयत्ता आहेत आणि कुठलं काडतूस कुठल्या इयत्तांना योग्य ते लिहिलेलं असतं. २०२२ चा 'वे ऑफ द हंटर' गोळीच्या प्रवासाकडे जास्त झुकतो. नवशिक्याला पहिली पद्धत समजायला सोपी, हे खरं. पण इयत्ता म्हणजे पुन्हा मार्कच. मला दुसरी जवळची वाटते.

राहिलं ते खांद्याचं दुखणं. गोळी पुढे जाते तेवढ्याच नेटाने बंदूक मागे येते. साडेतीन किलोची थर्टी-ओ-सिक्स खांद्याला पंचवीस-सत्तावीस ज्यूलचा धक्का देते. वरचा गोफणीचा गोटा आठवला का? तेवढाच, फक्त दस्त्याच्या रुंदीवर पसरलेला. टू-टूचा धक्का एक ज्यूलही नाही. .३७५ चा पन्नासच्या आसपास. हा आकडा पडद्यावर दोन ठिकाणी वापरा. बार उडाल्यावर नजर किती वर उडते आणि पुन्हा नेमावर यायला किती वेळ लागतो. शिवाय लागोपाठ पाच-सहा बार झाले की घोडा ओढायच्या आधीच हात किंचित दचकू द्या. माणूस तसाच दचकतो.

म्हणून .३७५ ठेवलं. ज्याला 'सगळ्यांत भारी' हवं असतं तो ते घेतो, पहिल्या बारानंतर आभाळ बघतो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप .३१५ कडे येतो.

खर्चही खराच ठेवा. परवान्यावर किती काडतुसं बाळगता येतील याचा आकडा लिहिलेला असतो. गेममध्ये रात्रीला पाच काडतुसं द्या, पन्नास नको. आमच्या एका बदलाने समतोलाचं निम्मं भांडण मिटलं असेल तर ते यानेच. पाचच आहेत म्हटल्यावर माणूस जनावर जवळ येईपर्यंत शेतातल्या माळ्यावर गप्प बसतो.

सगळं झालं की तपासणी. गेममध्येच मैदान करा, २५, ५०, १००, २०० मीटरवर चौकटीच्या पाट्या उभ्या करा. एका वेळी एकच आकडा बदला आणि पन्नास बार टाकून वहीत लिहा. भाचा एका बैठकीत वेग, वजन आणि हवा तिन्ही बदलायचा आणि मग बिघडलं कशाने ते त्याला सापडायचं नाही. चार दिवस त्यात गेले, म्हणून सांगतो.

शेवटची दुरुस्ती मला अनपेक्षित होती. गोळी तीनशे मीटर गेली की भाच्याचा गेम ती पुसून टाकायचा. संगणकावरचा भार वाचतो, हे कारण. पण टू-टूची वर झालेली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, थर्टी-ओ-सिक्सची कित्येक किलोमीटर. आणि आपल्या सपाट रानात तेवढ्या टप्प्यात वस्ती, गोठा, विहिरीवरची मोटार, काही ना काही असतंच. मी त्याला गोळी जमिनीला टेकेपर्यंत ठेवायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी त्याचा मित्र रोह्यावर बार टाकताना चुकला. सहा-सातशे मीटरवरच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं, परवाना रद्द झाला, गेम संपला. मित्राने फोन करून विचारलं, हा बग आहे का? मागे बांध किंवा टेकाड बघितल्याशिवाय आता त्यांच्यातलं कोणी घोडा ओढत नाही.

आपल्याही गेममध्ये चुकलेली गोळी किती मीटरवर गायब होते, तो आकडा आज एकदा उघडून बघा.